फिरत्या तारेपासून डोळ्यांचे रक्षण

पावसाळा सरला की आपल्या वसतिगृहात एक काम ठरलेले असते. खिडक्यांचे गज, जिन्याचा कठडा, लोखंडी पलंगांचे पाय आणि विहाराच्या दारावरील जाळी यांवर चढलेला गंज काढायचा, त्यावर रेडऑक्साइडचा हात फिरवायचा आणि मग तेलरंग द्यायचा. वैनगंगेच्या या खोऱ्यात पावसाची कमतरता नाही. लोखंड कितीही जपले तरी चार महिन्यांच्या ओलीने ते पुन्हा तांबूस होते. आम्ही येथे शिकत होतो तेव्हा हे काम विद्यार्थीच करीत. लाकडी मुठीचा तारेचा ब्रश, पॉलिश कागद आणि खरवडण्यासाठी पत्र्याचा एक तुकडा, एवढ्या साहित्यावर दोन रविवार जात. आता हँड ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावला की तेच काम एका दुपारी उरकते.

यंदा स्मरणिकेच्या निमित्ताने इमारतीची रंगरंगोटी काढली, तेव्हा आपलेच दोन माजी विद्यार्थी एक पैसाही न घेता हे काम करून देण्यासाठी आले. दोघेही तुमसरात फॅब्रिकेशनचे काम करतात आणि हाताचे कसबी आहेत. परंतु दोघांच्याही डोळ्यांवर काहीच नव्हते. भोवती पाचवी-सहावीची मुले कडे करून उडणारी तांबडी धूळ कौतुकाने पाहत होती. आम्ही काम थांबविले. दोघांपैकी थोरला हसून म्हणाला, "सर, दहा वर्षं झाली हेच करतो. लक्ष देऊन करतो, काही होत नाही." त्याच्या त्या वाक्याला तेथल्या तेथे नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या हत्याराची गती ध्यानात घ्यावी. बाजारात सर्रास मिळणारा चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्यावर ७५ मिलिमीटर व्यासाचा कप ब्रश बसविला, तर त्याचा परीघ साडेतेवीस सेंटिमीटर भरतो. म्हणजे तारेचे टोक मिनिटाला अडीच किलोमीटरांहून अधिक आणि तासाला जवळजवळ १५५ किलोमीटर अंतर कापते. हे गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. अतिवेगवान गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटतो तो साधारण याच वेगाने. फरक इतकाच की येथे सुटणारी वस्तू सुईसारखी बारीक आणि टोकदार पोलादी तार असते, आणि ती हातभर अंतरावरून येते. पापणी मिटण्यास जो क्षण लागतो, त्याच्या आत ती पोहोचलेली असते.

आता ही तार सुटते का, हे पाहू. बांधणीची तार पकड हाताशी नसताना तोडायची असेल तर आपण ती एकाच जागी पुढेमागे वाकवीत राहतो. काही वेळाने ती आपोआप तुटते. ब्रशच्या प्रत्येक तारेचे हेच होते. प्रत्येक फेऱ्यात ती लोखंडावर आपटून वाकते आणि पुन्हा सरळ होते. हे मिनिटाला हजारो वेळा घडते. मुळाशी, जेथे ती पत्र्याच्या वाटीत घट्ट धरलेली असते, तेथे ती थकते आणि एका क्षणी तुटून निघून जाते. हत्यार नवे असो वा जुने, चालविणारा नवशिका असो वा कसबी, तारा सुटतातच. हत्याराबरोबर येणाऱ्या सूचनापत्रकांतही नेहमीच्या वापरात ब्रशमधून तारा उडत असतात, असे स्पष्ट लिहिलेले असते. ते पत्रक मात्र डब्याबरोबर फेकले जाते. तेव्हा "लक्ष देऊन करतो" हे खरे असले तरी अपुरे आहे. लक्ष ज्याच्यावर ठेवायचे ते दिसतच नाही. अप्रमाद हा शब्द आपण या शाळेत लहानपणापासून ऐकत आलो; या कामात त्याची वेळ बटण दाबण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे.

कामगार मंडळींचा एक समज येथे दूर केला पाहिजे. ब्रश जितका दाबावा तितका गंज लवकर निघतो, असे वाटते. वस्तुतः गंज काढते ते तारेचे टोक. दाब वाढविला की टोक बाजूला वळते, तार आडवी होऊन अंगाने घासू लागते, काम मंदावते आणि मुळाशी वाक वाढून तारा भराभर तुटतात. हलक्या हाताने, केवळ टोके टेकतील इतपत धरलेला ब्रश अधिक काम करतो आणि अधिक दिवस टिकतो. सांदीकोपऱ्यात कोंडलेली तार किंवा पत्र्याच्या कडेवर समोरून आदळलेला ब्रश हातालाही झटका देतो. म्हणून ब्रश कडेकडून बाहेर निघून जाईल अशा दिशेने काम करावे आणि ग्राइंडरची बाजूची मूठ काढून ठेवू नये. हल्ली ती मूठ बहुतेक दुकानांत खिळ्याला टांगलेलीच दिसते!

ब्रश विकत घेताना त्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या वाचावी. ती ग्राइंडरच्या संख्येपेक्षा कमी असेल तर तो ब्रश त्या यंत्रासाठी नाही. फुटपाथवरच्या स्वस्त ब्रशवर अशी संख्याच नसते. तो घेऊ नये. गंजलेला, तारा झडून एका बाजूस विरळ झालेला किंवा हादरे देणारा ब्रश फेकून द्यावा. नवा ब्रश बसविल्यावर यंत्र अंगापासून दूर, कोणीही समोर नसेल अशा दिशेला धरून एक मिनिट मोकळेच फिरवावे. ज्या तारा सैल असतात त्या बहुधा याच मिनिटात निघून जातात. लोखंडी गार्ड काढून काम करू नये. मात्र फिरताना ब्रश थोडा फुलतो, तेव्हा तो गार्डला घासत नाही ना हे पाहून घ्यावे.

डोळ्यांवर काय घालावे, याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण गैरसमज येथेच अधिक आहेत. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. त्याची काच सहज फुटते आणि बाजू उघड्या असतात. नंबरचा चष्माही पुरेसा नाही. चारी बाजूंनी चेहऱ्याला टेकणारा पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल हवा. भारतीय मानक आयएस ५९८३ हे डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आहे. खरेदी करताना तो क्रमांक मागावा. या गॉगलवर पारदर्शक फेस शील्ड घालावे. "शील्ड आहे, मग गॉगल कशाला?" असा प्रश्न नेहमी येतो. शील्ड गाल, ओठ आणि गळा वाचविते, पण खालून व बाजूने ते उघडे असते. खाली वाकून पलंगाचा पाय घासताना सुटलेली तार हनुवटीखालून वर येते आणि शील्डच्या आत शिरते. म्हणून आत गॉगल आणि बाहेर शील्ड, अशी दोन्ही साधने हवीत.

गॉगल न घालण्याचे खरे कारण निष्काळजीपणा नसून घाम हे आहे, असे आमचे मत झाले आहे. आपल्याकडील उन्हात काच पाच मिनिटांत धुरकट होते आणि माणूस ती कपाळावर सरकवतो. यावर उपाय आहेत. वाफ बाहेर जाण्यासाठी आडोशाची छिद्रे असलेला गॉगल मिळतो. काचेला आतून साबणाच्या पाण्याचे बोट फिरवून मऊ कापडाने पुसले तर वाफ कमी धरते. आणि गंज काढण्याचे काम सकाळी दहाच्या आत करावे. मालकांनी कामगाराला दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे काच पुसण्यास दिली, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये.

अंगात जाड सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. शक्य तर वर चामड्याचा ॲप्रन. पातळ कापडातून तार सहज शिरते आणि कातडीतही रुतते. हातमोजे चामड्याचे आणि घट्ट बसणारे हवेत. गळ्यातला दुपट्टा मात्र काढून ठेवलाच पाहिजे. आपल्या भागात तो घाम पुसण्यासाठी प्रत्येकाच्या खांद्यावर असतो. फिरत्या ब्रशने त्याचे टोक पकडले तर यंत्र क्षणात गळ्याशी येते.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. जुन्या तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या खिडक्यांवरील खालचे थर त्यापूर्वीचे आहेत. ब्रशने उडणारी ती धूळ मुलांच्या फुप्फुसात आणि बोटांवाटे पोटात जाते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला सर्वाधिक अपाय करते. म्हणून काम करणाऱ्याने तोंडावर रुमाल न बांधता धुळीसाठीचा योग्य मास्क लावावा, मुलांना त्या आवारात येऊ देऊ नये, आणि नंतर जागा कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये, कामातून उडणाऱ्या कणांमुळे डोळ्यांना इजा होण्याचा धोका असेल तेथे पडदे किंवा योग्य गॉगल पुरविण्याची तरतूद झाली. ती यंत्र चालविणाऱ्यापुरती नव्हती. त्याच्या लगत काम करणाऱ्यांसाठीही होती. गज धरून बसणाऱ्या मदतनीसाचा विचार त्यात आला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखाते सांभाळीत होते. १९४३ साली ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून कामगार कसे काम करतात ते पाहून आले. कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ साली त्यांच्याच खात्याकडून आले. ज्यांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्याने निवडून दिले नाही, त्यांचे हे ऋण आपल्या जिल्ह्यातील कामगारावरही आहे.

पण कारखाना अधिनियमाला कामगारांची किमान संख्या लागत असे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींना खाणींचा स्वतंत्र कायदा होता, वरठीच्या पोलाद कारखान्याला सुरक्षा अधिकारी आहेत. दोन-तीन माणसांच्या वेल्डिंगच्या दुकानाला यांपैकी काहीही लागू होत नसे, आणि आपली बहुसंख्य मुले तेथेच आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास कमाईची ४० टक्के आणि डोळा शाबूत राहून दृष्टी गेल्यास ३० टक्के हानी धरली होती. त्यातच एक अट अशी होती की, दिलेले संरक्षक साधन कामगाराने जाणूनबुजून वापरले नाही आणि त्यामुळेच अशी इजा झाली, तर मालक जबाबदार राहत नसे. खुंटीवर टांगलेला गॉगल असा दोन्हीकडून महाग पडतो. जो स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर आहे, त्याला तर भरपाई देणारा कोणीच नाही.

आपल्याच एका माजी विद्यार्थ्याची हकीकत येथे त्याच्या संमतीने, नाव न देता, सांगतो. दूरच्या शहरात काम करताना त्याच्या डोळ्यात काहीतरी टोचले. त्याने पाणी मारले, औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवसांत दुखणे थांबले आणि तो कामावर गेला. काही महिन्यांनी त्याला त्या डोळ्याने संध्याकाळी कमी दिसू लागले. तपासणीत बुबुळाच्या मागे तारेचा तुकडा निघाला. डोळ्यात राहिलेले लोखंड हळूहळू विरघळून पडद्याला विषासारखे बाधते. तुकडा काढला गेला, गेलेली नजर परत आली नाही.

त्यामुळे वेदना थांबली म्हणजे संकट टळले, असे कधीही धरू नये. डोळ्यात तार गेल्याची शंका आली तर डोळा चोळू नये; काडीने, रुमालाच्या टोकाने अथवा चुंबकाने काढण्याचा प्रयत्न करू नये. रुतलेली तार दिसत असेल तर पाणीही मारू नये. डोळ्यावर दाब न पडेल असा कागदी पेला उपडा ठेवून तो चिकटवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. "तारेच्या ब्रशने काम करीत होतो" हे शब्द डॉक्टरांना सांगावेत, कारण त्यावरून ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतील. एमआरआय करण्यापूर्वी तर हे सांगितलेच पाहिजे. त्या यंत्राच्या चुंबकाने डोळ्यातील तार हलू शकते. धानाचे तूस डोळ्यात गेल्यावर परस्पर थेंब घालून बुबुळावर फूल पडलेली माणसे आपल्या गावोगावी आहेत. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणण्याची ती सवय येथेही तितकीच घातक आहे.

मुळात प्रत्येक वेळी तारेचा फिरता ब्रश हवाच असतो असेही नाही. सपाट पट्टीला फ्लॅप डिस्क चालते, त्यातून तारा उडत नाहीत. हलक्या गंजाला पॉलिश कागद पुरतो.

शाळेच्या भांडारात आता तीन गॉगल, दोन फेस शील्ड आणि एक चामड्याचा ॲप्रन आणून ठेवला आहे. ग्राइंडरची वायर ज्या खुंटीला टांगलेली असते त्याच खुंटीला, वायरीच्या वर, ते अडकवलेले असतात. ते काढल्याशिवाय वायर निघत नाही. त्या दोघा माजी विद्यार्थ्यांनी उरलेले पलंग मैदानाच्या टोकाला, ताडपत्रीच्या आडोशाला नेऊन, ही साधने घालून घासले. विहाराच्या दारावरील जाळीला मात्र त्यांनी यंत्र लावले नाही. ती हातब्रशानेच साफ झाली. दोन रविवार लागले.