बँकेने कर्ज मंजूर केले, मग घर घेताना वेगळा वकील कशाला?

फ्लॅट पसंत पडतो, भाव ठरतो आणि एजंट म्हणतो, ‘आजच टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे.’ पुढे बँक कर्ज देणार म्हणजे तिचा वकील कागद तपासणारच, मग स्वतंत्र वकिलाचा खर्च कशाला, असा हिशेब अनेक जण करतात. महाराष्ट्रात जुना, म्हणजे रिसेलचा फ्लॅट घेताना हा हिशेब फार महाग पडू शकतो.

बँकेचा वकील काय पाहतो?

ही मालमत्ता तारण घेण्याजोगी आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्याला द्यायचे असते. त्याचा अशील बँक आहे. त्याचे शुल्क बहुतेक वेळा तुमच्याकडूनच वसूल होते, पण अहवाल बँकेच्या फायलीत जातो आणि अनेकदा मागूनही मिळत नाही. पार्किंग खरोखर फ्लॅटसोबत येते का, विक्रेत्याने ताबा लांबवला तर काय, व्यवहार फिसकटला तर टोकन परत मिळेल का, हे पाहणे त्याचे काम नाही.

शिवाय तो अहवाल येतो तोवर टोकन गेलेले असते. बऱ्याचदा करारनामा नोंदवून मुद्रांक शुल्कही भरलेले असते. मुंबईत ते ६ टक्के धरले तर ८० लाखांच्या फ्लॅटवर ४ लाख ८० हजार रुपये होतात. नंतर मालकीचा वाद निघाला तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्ज तुमच्या नावावर असते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. समजा, वडील गेले आणि नॉमिनी असलेल्या थोरल्या मुलाच्या नावावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेट करून दिले. आता तो फ्लॅट विकतो आहे. कागदावर एकच नाव दिसते आणि खरेदीदार निर्धास्त होतो.

सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतर केले तरी वारसांचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनेही नॉमिनीला, खरे वारस ठरेपर्यंत, केवळ तात्पुरते सभासदत्व दिले आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. मुलगी विवाहित असली तरी फरक पडत नाही. आणि त्या वेळी त्याची आई हयात असेल तर तिलाही तेवढाच वाटा मिळतो. हा शेवटचा वाटा हमखास विसरला जातो. गावाकडे राहणारी आजी पुढे गेली असेल, तर तिच्या वाट्यात काका आणि आत्याही येतात. म्हणून चांगला वकील आधी विचारतो : ‘वडील गेले त्या दिवशी घरात कोण कोण हयात होते?’ त्या सर्वांच्या विक्री करारावर सह्या हव्यात किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. साध्या कागदावरचे ‘आमची हरकत नाही’ पुरत नाही.

टायटल सर्चमध्ये काय होते?

दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २, म्हणजे ‘इंडेक्स टू’च्या नोंदी सहसा ३० वर्षे मागे जाऊन पाहिल्या जातात. गहाण मालमत्ता सोडवून घेण्याची मुदतही ३० वर्षेच असते. बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत साखळी जुळावी लागते. मधला एखादा करार नुसत्या मुखत्यारपत्रावर उरकला असेल तर तिथे थांबावे. अशा ‘विक्री’ने मालकी जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा निकाल आहे. भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, हेही विचारा. जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की दुसरा प्रश्न फार जड जातो.

मूळ कागद डोळ्यांनी पाहणे आवश्यक, कारण मूळ करार बँकेकडे ठेवून घेतलेले कर्ज नुसत्या झेरॉक्सवरून कळत नाही. त्यासाठी ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीतही शोध घेता येतो. वर्तमानपत्रात रोज दिसणाऱ्या बारीक अक्षरांतल्या जाहीर नोटिसा याच कामाचा भाग आहेत. सहसा १४ दिवसांत हरकती मागवतात. हरकत आली नाही म्हणून कोणाचा हक्क आपोआप संपत नाही, पण तुम्ही चौकशी केली होती हे दाखवता येते.

वकील निवडायचा कसा?

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे नाव तोंडोतोंडीच कळते आणि बहुधा ते एजंटच सुचवतो. एजंटचे कमिशन व्यवहार पूर्ण होण्यावर असते. त्यामुळे त्याच्या नेहमीच्या वकिलाला ‘थांबा’ म्हणणे अवघड जाते. त्याच तालुक्यात मालमत्तेचे काम करणारा वकील शोधा. या विक्रेत्याचे किंवा बिल्डरचे काम केले आहे का, आणि अहवाल सही व सनद क्रमांकासह मिळेल का, हे आधीच विचारा. सर्च, नोटीस, कराराचा मसुदा आणि नोंदणीच्या दिवशीची हजेरी यांचे शुल्क वेगवेगळे लिहून घ्या. ते व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून ठेवू नका. ‘हे घर घेऊ नका’ या सल्ल्याचेही पैसे त्याला मिळायला हवेत.

गोव्यात घर घेणाऱ्यांनी मात्र मुंबई-पुण्यातील ओळखीच्या वकिलावर विसंबू नये. तिथे पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यामुळे बहुतेक विवाहांत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. कागदावर एकाचेच नाव असले तरी विक्रीला जोडीदाराची सही लागते.

कधी गाठायचे?

टोकन देण्यापूर्वी. द्यावेच लागले तर रक्कम छोटी ठेवा आणि टायटल स्पष्ट न निघाल्यास पैसे परत, ही अट पावतीवर लिहून घ्या. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास रेरा कायद्याने बिल्डरला बंदी आहे. रिसेलमध्ये असे संरक्षण नाही. अहवालात काय तपासले याबरोबर काय तपासता आले नाही, हेही लिहून मागा.

विक्रेता परदेशी राहणारा आहे का, हे करारापूर्वीच वकिलाला सांगा. देशातील विक्रेत्याला ५० लाख किंवा अधिक देताना १ टक्का कर कापून भरावा लागतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत हा दर कितीतरी जास्त असतो आणि कमी कापल्यास आयकर खाते खरेदीदाराला धरते.