झोपेची गोळी सुटताना

जालना एमआयडीसीला रात्र माहीत नाही. भट्टी एकदा तापली की ती वारंवार थंड करणे परवडत नाही, म्हणून सळईचे कारखाने पाळ्यांमध्ये चालत राहतात. भट्टीवरचा माणूस सकाळी खोलीवर येऊन पडतो, तेव्हा गल्ली जागी झालेली असते आणि डोक्यावरचा पत्रा तापू लागलेला असतो. दिवसाची झोप तुटक होते. ती कशीबशी बसते, तोवर पाळी बदलते. महिन्या-दोन महिन्यांत छातीत धडधड, हाताला घाम, उगाच घाबरल्यासारखे होणे सुरू होते. डॉक्टर एक छोटी गोळी लिहून देतात. बहुतेक वेळा अल्प्राझोलम, पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम. त्या रात्री गाढ झोप लागते. चिठ्ठी दहा-पंधरा दिवसांचीच असते, पण गोळी मात्र वर्षानुवर्षे चालू राहते.

ही गोष्ट एका कामगाराची नाही. सुपरवायझर, ट्रकचालक, हिशेबनीस, रजोनिवृत्तीच्या काळात झोप उडालेल्या गृहिणी, जोडीदार गेल्यावर गोळी सुरू झालेले आजोबा, सगळे या रांगेत असतात. यांतल्या कोणीही नशा म्हणून सुरुवात केलेली नसते. मराठवाड्यात ‘बटन’ या नावाने ज्या गोळ्यांचा चोरटा धंदा चालतो, त्यांत याच गटातली औषधे सापडतात. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळी घेणारा माणूसही सवय लागल्याचे सांगायला लाजतो आणि एक दिवस कोणाला न विचारता गोळी फेकून देतो. सगळ्यात धोक्याची पायरी हीच.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपाइन गटातली औषधे. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन ब्रेकचे काम करते. ही गोळी त्या ब्रेकला जोर देते. काही आठवडे रोज असा जोर मिळाला की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करून घेतो, कारण बाहेरून काम होतच असते. अशा वेळी गोळी एकदम थांबली तर उतारावर काय होईल, हे जड वाहन चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, आवाज आणि उजेड सहन होत नाही. काही जणांना फिट येते आणि ती जिवावर बेतू शकते. भट्टीशेजारी, दीड हजार अंशांहून अधिक तापलेल्या वितळलेल्या पोलादासमोर अशी फिट आली तर काय होईल, याची कल्पनाही नको.

अल्प्राझोलमची आणखी एक खोड आहे. ते रक्तातून लवकर उतरते. साधारण अकरा तासांत निम्मे संपते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशी ओसरला की पुन्हा घाबरायला होते. माणसाला वाटते आजार वाढला, म्हणून तो दुपारी आणखी अर्धी गोळी घेतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो आजार नसतो, गोळीची ओढ असते.

हे डॉक्टरांना आज कळलेले नाही. रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले या गटातले पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले, १९६३ मध्ये डायझेपाम आले. आधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांपेक्षा ही पुष्कळ सुरक्षित ठरली, म्हणून जगभर मुबलक लिहिली गेली. पण मोठ्या डोसनंतर औषध अचानक बंद केल्यास त्रास होतो, हे १९६१ मध्येच दिसले होते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. त्यांच्याकडचे बहुसंख्य रुग्ण डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच अडकलेले होते. त्या अनुभवावर त्यांनी १९९९ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि गोळी रुग्णाच्या गतीने, महिनोन्महिने कमी करत न्यावी, हा तिचा गाभा होता.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२५ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे हेच आकड्यांत सांगतात. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के कपात, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कधीच नाही. कागदावर हे सोपे दिसते. पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या इवल्याशा गोळीचा दहावा भाग ब्लेडने कापता येत नाही. म्हणून काही रुग्णांना डॉक्टर शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या डायझेपामवर नेतात. अ‍ॅश्टन यांच्या कोष्टकात अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलम म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम डायझेपाम, आणि दहातला एक कमी करणे जमते. हे गणित घरी करण्याचे नाही. वय, यकृत, दम्यासारखे आजार आणि दारू, यांवर ते पूर्ण बदलते.

दारूचा मुद्दा एमआयडीसीच्या बाबतीत टाळून चालणार नाही. ती मेंदूतल्या त्याच ब्रेकवर काम करते. गोळीसोबत घेतली तर श्वास मंदावतो आणि गोळीऐवजी घेतली तर एक सोडताना दुसरी लागते. मेडिकलमधून सर्दीची गुंगी आणणारी गोळी किंवा शेजाऱ्याची दुसरीच एखादी झोपेची गोळी घेणे हाही त्याच चिखलात दुसरा पाय टाकण्याचा प्रकार आहे.

शेवटची गोळी थांबल्यावर बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. पण काहींचा रेंगाळतो. अ‍ॅश्टन यांच्या अंदाजाने, दीर्घकाळ गोळी घेतलेल्यांपैकी १० ते १५ टक्के लोकांना तो महिनोन्महिने होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गोळ्यांवरचा इशारा कडक केला, त्यात काही आठवड्यांपासून बारा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या त्रासाचा उल्लेख आहे. कानात सतत आवाज, अंगावर मुंग्या चालल्याचा भास, स्नायूंची फडफड, विसराळूपणा, मधूनच दाटून येणारी भीती. तपासण्या मात्र नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.’

हा त्रास सरळ रेषेत उतरत नाही. पावसाळ्यासारखी त्याची रीत असते. चार दिवस उघडीप, मग पुन्हा झड. हळूहळू उघडीप लांबत जाते. हे आधी माहीत नसले तर झड आली की माणूस खचतो आणि पुन्हा गोळीकडे वळतो. म्हणून वहीत रोज दोन ओळी लिहिण्याचा फायदा होतो. झोप किती, त्रास किती, पाळी कोणती. तीन महिन्यांची पाने उलटली की रोज न दिसणारी सुधारणा दिसते. गोळी सुरू होण्याआधी कधीच नसलेली लक्षणे, उदाहरणार्थ कानातला आवाज, बहुधा गोळी सुटण्याची असतात. मूळ चिंता परतली असेल तर तिच्यावर वेगळे उपचार आहेत. चिंता आणि निद्रानाश यांसाठीची वर्तनोपचार पद्धत त्यांत महत्त्वाची.

पाळीत काम करणाऱ्याने कपात सुरू करताना, शक्य असल्यास, दोनेक महिने एकच पाळी मागून घ्यावी. रात्रपाळी टळत नसेल तर घरी येताना डोळ्यांवर गॉगल, खिडकीला जाड पडदा, पाळीच्या उत्तरार्धात चहा नाही. कपातीच्या पहिल्या दिवसांत भट्टी, क्रेन आणि रात्रीची मोटारसायकल टाळलेली बरी.

भारतात २०१४ पासून अल्प्राझोलमसह अनेक औषधे ‘एच-१’ यादीत आहेत. औषध विक्रेत्याला डॉक्टर आणि रुग्ण दोघांचे नाव नोंदवून ती नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. नियम योग्यच आहे, पण तो गोळी सुरू होताना उपयोगी पडतो. पाच वर्षे गोळी घेणाऱ्याला एक दिवस ‘चिठ्ठी आणा’ म्हणून परत पाठवले, तर त्याचे औषध अचानक बंद होते. तेव्हा त्याला डॉक्टरकडे कसे पोचवायचे, याचे उत्तर नियमात नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये औषध दुकानांच्याच मदतीने ६५ वर्षांवरील ३०३ जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना गोळीचे धोके आणि ती कमी करण्याची रीत सांगणारी साधी पुस्तिका दिली. सहा महिन्यांत त्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. तिथले दुकानही आपल्या मेडिकलसारखेच, फक्त तिथे कोणी तरी रुग्णाशी बोलले.

जिल्हा रुग्णालयांतून मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा मिळते. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. फिट आली, नसलेले दिसू-ऐकू लागले किंवा जीव नकोसा झाला, तर फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एरवी ओपीडीत जाताना रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात. दिवसाला खरोखर किती गोळ्या, किती वर्षे, दारू किती आणि कारखान्यातले काम नेमके कोणते, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. कपातीचा वेग त्यावर ठरतो.