वर्गमूळ काढलं, चिन्ह कोण सांगणार?

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेला माणूस जाफराबादेत गणितावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण अकरावीच्या एका साध्या उदाहरणात आमच्या न्यायदर्शनातला एक जुना प्रश्न बसलेला आहे.

उदाहरण असं. एका कोनाचं साइन उणे ३/५ आहे, कोन तिसऱ्या चरणात आहे. उरलेली पाच गुणोत्तरं काढा.

साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १. म्हणजे कोसाइनचा वर्ग १ वजा ९/२५, अर्थात १६/२५. मूळ काढलं की ४/५. इथंच मार्क जातात बघा! दहावीपर्यंत सगळे लघुकोन, सगळं धन. त्यामुळे मुलं ४/५ लिहून मोकळी होतात. भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४) बीजगणितात स्पष्ट सांगितलंय, की धन संख्येला मुळं दोन, एक धन आणि एक ऋण. त्यांच्याच लीलावतीत भुज ३, कोटी ४, कर्ण ५ हा आपला त्रिकोणही आहे. पण त्रिकोण फक्त लांबी देतो. वर्ग करताना चिन्ह पुसलं गेलं, ते मूळ काढून परत येत नाही.

नैयायिक याला संशय म्हणतात. अंधारात काहीतरी उभं दिसतं, खांब की माणूस? उंची दोघांची सारखी. हात दिसला की संशय फिटतो. त्या हाताला ते 'विशेष' म्हणतात. आपल्या गणितात १६/२५ ही सारखी उंची, आणि चरण हा विशेष.

एकक वर्तुळावरचा बिंदू घ्या. त्याचा क्ष निर्देशक कोसाइन, य निर्देशक साइन. साइन ऋण, म्हणजे बिंदू खाली आहे हे आधीच कळलं होतं. डावीकडे की उजवीकडे, एवढंच राहिलं होतं. तिसरा चरण म्हणजे डावीकडे. म्हणून कोसाइन उणे ४/५, टॅन ३/४, कॉट ४/३, सेक उणे ५/४, कोसेक उणे ५/३. चौथा चरण असता तर कोसाइन ४/५ आणि टॅन उणे ३/४. आणि कुणी दुसरा चरण सांगितला, तर असा कोनच नाही. आधी ते तपासावं. कुठं काय धन, याचं कोष्टक पाठ करण्यापेक्षा बिंदू कुठं आहे ते बघा.

आता एक तुम्ही करा. टॅन ५/१२, साइन ऋण. चरण मी सांगणार नाही.