लिब्रव्हिलचे देणे

झांबियाच्या तांब्याच्या पट्ट्यातील मुफुलिरा या खाणकामगारांच्या गावी १९६३ साली जन्मलेल्या कालुशा ब्वाल्याचे नाव आफ्रिकेबाहेर प्रथम दुमदुमले ते १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये, इटलीसारख्या मातब्बर संघाला झांबियाने चार-शून्य असे नमविले आणि त्या चारांपैकी तीन गोल एकट्या कालुशाने केले तेव्हा. पुढे नेदरलँड्समधील पीएसव्ही आइंडहोवनकडून त्याने तेथील अजिंक्यपदही दोनदा मिळविले. चरित्र एवढेच असते तर या डावखुऱ्या फुटबॉलपटूविषयी मी लेखणी उचलली नसती.

२७ एप्रिल १९९३ च्या रात्री, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी डाकारला निघालेले झांबियाच्या हवाईदलाचे जुने मालवाहू विमान गॅबनची राजधानी लिब्रव्हिल येथे इंधन भरून उडाले आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात कोसळले. आतील तीसही माणसे गेली. त्यांत अठरा खेळाडू आणि प्रशिक्षक गॉडफ्री चितालू. राष्ट्रीय संघाने मालवाहू विमानातून, जागोजागी इंधनासाठी थांबत अर्धे आफ्रिका खंड ओलांडावे, ही खजिन्याच्या खडखडाटाची कहाणी होती. आणि डाव्या इंजिनास आग लागली असता वैमानिकाने उजवे बंद केले, हा गॅबनच्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर व्हावयास तब्बल दहा वर्षे लागली. कालुशा युरोपातून परस्पर डाकारला जाणार होता, म्हणून वाचला.

उरलेल्यांतून आणि नवख्यांतून जो संघ उभारण्यात आला त्याचे नायकत्व ओघानेच त्याजकडे आले. कॅसाब्लांका येथे मोरोक्कोशी नुसती बरोबरी साधली असती तरी विश्वचषकाचे द्वार उघडणार होते. एका गोलाने ते मिटले. दुर्घटनेस वर्षही पुरे झाले नव्हते तोच हा संघ ट्युनिसला आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात उतरला आणि नायजेरियाकडून दोन-एक असा हरला. या दोन्ही पराभवांना पराभव म्हणताना माझी लेखणी अडखळते.

पुढे तो प्रशिक्षक झाला. २००४ मध्ये लायबेरियाविरुद्ध, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, हा प्रशिक्षक स्वतःच बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला आणि फ्री किकवर विजयी गोल करून मोकळा झाला. असा हुकूम आणि अशी तामिली एकाच माणसाच्या हातून झाल्याचे उदाहरण विरळाच.

मात्र २००८ साली राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्षपद हाती आले तेव्हा पायांची भाषा संपून दफ्तराची भाषा सुरू झाली. चेंडू ज्याच्या आज्ञेत असे त्याला आता मंत्री, क्लब आणि मतदार प्रतिनिधी यांची मर्जी राखणे भाग पडले. २०११ मध्ये डारिओ बोनेट्टी या इटालियन प्रशिक्षकाने संघास आफ्रिका चषकाची पात्रता मिळवून दिली आणि संघटनेने लागलीच त्यास बडतर्फ करून पूर्वीच्या एर्व्हे रेनार या फ्रेंच प्रशिक्षकास पुन्हा पाचारण केले. निर्णय कृतघ्नपणाचा दिसत होता, आणि मला विचाराल तर तो होताही. पण १२ फेब्रुवारी २०१२ रोजी, ज्या लिब्रव्हिलजवळ ते विमान बुडाले त्याच नगरीत, आयव्हरी कोस्टला पेनल्टीवर आठ-सात असे हरवून झांबियाने पहिल्यानेच तो चषक जिंकला. सामन्याच्या आधी खेळाडूंनी समुद्रकिनारी जाऊन फुले वाहिली होती. त्या रात्री अध्यक्ष कालुशाच्या नावे गोल नव्हता, आणि प्रशिक्षक बदलल्याचा बोल लावणारेही कोणी उरले नव्हते.

तरीही चषकाच्या पुण्याईवर जन्मभराची मुखत्यारी मिळत नसते. मार्च २०१६ च्या निवडणुकीत अँड्र्यू कमांगा यांनी त्यास अल्प मतांनी हरविले. २०१८ मध्ये फिफाच्या नीतिसमितीने आशियाई फुटबॉल महासंघाचे माजी अध्यक्ष मोहम्मद बिन हम्माम यांच्याकडून लाभ स्वीकारल्याच्या कारणावरून त्याला दोन वर्षे फुटबॉलपासून दूर ठेवण्याचे आणि दंड आकारण्याचे फर्मान काढले. अपिलात ती मुदत आणि दंड दोन्ही कमी झाले. लुसाकातील इंडिपेंडन्स स्टेडियमला लागून त्या सहकाऱ्यांच्या समाध्या आहेत, आणि १९९३ साली जे त्याच्याविना डाकारला निघाले होते त्यांची नावे तेथे कोरलेली आहेत.