हरवलेला आरोग्य क्रमांक कसा शोधावा?

शेतकऱ्याच्या घरात कागद टिकणे कठीण असते. पत्र्याच्या पेटीला वाळवी लागते, पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि तुरीच्या राशीच्या गडबडीत कोणती पिशवी कोठे ठेवली याचे भान राहात नाही. सात-बारा म्हणा की पहाणी म्हणा, जमिनीचा कागद मात्र आपण जिवापाड जपतो. आरोग्याचे कागद तितके जपले जात नाहीत. मग दुखणे आले की दवाखान्याच्या खिडकीत “तुमचा आभा नंबर सांगा” असे विचारतात, आणि मैलूरचा काय किंवा भालकी-औरादकडचा काय, आपला माणूस गोंधळून उभा राहतो. क्रमांक हरवल्यामुळे आता औषधच मिळणार नाही असे समजून परत फिरलेली माणसेही आम्हांस ठाऊक आहेत. म्हणून या खेपेस या पानावर खत-बियाण्याऐवजी हाच विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आभा क्रमांक नसला किंवा आठवत नसला म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. साप चावला, बाळंतीण अडली, छातीत कळ आली, तर पेटी उपसत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने बीदरचे ब्रिम्स रुग्णालय गाठावे. क्रमांकाचे मागाहून पाहता येते.

आता हा क्रमांक म्हणजे काय ते पाहू. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा केली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते सर्व देशभर लागू केले. त्यात प्रत्येकास १४ आकडी क्रमांक मिळतो. पहिले दोन आकडे, मग चार-चार-चार, अशी त्याची मांडणी असते. प्रथम त्यास ‘हेल्थ आयडी’ म्हणत, नंतर ‘आभा’ हे नाव पडले. तुमच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद हे सर्व या एका क्रमांकाखाली जोडता येते आणि तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांस पाहता येते. आपल्या भागास याचा उपयोग विशेष आहे. आपली माणसे आज बीदरला, उद्या उदगीरला, परवा सोलापूर किंवा हैदराबादला जातात आणि प्रत्येक ठिकाणी रक्ताची तपासणी पुन्हा नव्याने होते. अर्थात दोन्हीकडचे दवाखाने या व्यवस्थेत सामील असतील तरच हे साधते, आणि सगळे सामील आहेत असे मुळीच नाही.

येथे मोठा घोटाळा होतो तो असा. आभा कार्ड म्हणजे पैसे देणारे कार्ड नव्हे. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड ते निराळे. ती आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली आणि आपल्या राज्यात आरोग्य कर्नाटक योजनेशी जोडून चालविली जाते. तिच्यासाठी रेशन कार्ड आणि आधार हे मुख्य कागद. सहकारी संस्थेच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना आहे. ती २०१८ मध्ये बंद करून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिचाही क्रमांक निराळा. गरोदर बाईच्या ‘तायी’ कार्डावर एक क्रमांक, क्षयरोग्याच्या उपचार कार्डावर निक्षय क्रमांक, दवाखान्याच्या केसपेपरवर आणखी एक. तेव्हा खिडकीतल्या माणसास आधी शांतपणे विचारावे, “साहेब, नेमका कोणता नंबर पाहिजे?” अर्धी पायपीट या एका प्रश्नाने वाचते.

हरवलेला आभा क्रमांक शोधण्यास सर्वांत सोपी जागा बहुतेकांच्या घरातच आहे, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. २०२१ मध्ये करोनाची लस घेताना ज्यांनी आधार कार्ड दाखविले, त्यांतील पुष्कळांचा आरोग्य क्रमांक तेव्हाच तयार झाला. आपला असा काही क्रमांक निघाला आहे हे अनेकांस कोणी सांगितलेही नाही. (लोकांस न सांगता असे करणे आम्हांस बरे वाटले नाही. पण झाले ते झाले, त्याचा उपयोग तरी करून घ्यावा.) लसीचे छापील प्रमाणपत्र बाहेर काढा. नाव, वय आणि ओळखपत्र यांच्या जवळपास १४ आकड्यांचा आरोग्य क्रमांक छापलेला आहे का ते पाहा. असल्यास शोध तेथेच संपला.

ते न सापडल्यास मोबाईलकडे वळावे. आभाच्या सरकारी ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर क्रमांक विसरल्यास तो परत मिळविण्याची सोय आहे. मोबाईल नंबर किंवा आधार नंबर घातला की मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येतो. तो भरला की क्रमांक समोर येतो. घरातील शाळकरी पोरासही हे जमते. आधारवरून आभा एकदा निघाला असेल, तर त्याच आधारवरून पुन्हा काढू गेल्यास नवा न निघता जुनाच क्रमांक दिसतो. म्हणून “दुसरा निघाला तर गुन्हा होईल काय?” ही भीती बाळगू नये.

पण खरी अडचण पुढेच आहे. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर आपल्याकडे असतोच असे नाही. कोणी मुलाचा नंबर दिलेला असतो आणि मुलगा कामासाठी पुण्यास गेलेला असतो. कोणी रिचार्ज केला नाही म्हणून सीम बंद पडलेले असते. ९० दिवस नंबर वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग तुमचा ओटीपी परक्याच्या हाती जाणार. यावर उपाय एकच, आधार केंद्रावर स्वतः जाऊन चालू नंबर जोडून घेणे. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यास ७५ रुपये शुल्क आहे. त्याहून अधिक कोणी मागितल्यास पावती मागावी. पेरणीच्या वा राशीच्या दिवसांत हे काम होत नाही, तेव्हा उन्हाळ्यात सवडीने म्हाताऱ्या आई-वडिलांसह सर्वांचे एकदाच उरकून घ्यावे.

ज्यांना मोबाईलचे काहीच जमत नाही त्यांनी आधार कार्ड घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे किंवा आशाताईस विचारावे. अंगठ्याच्या ठशावरूनही क्रमांक काढता येतो. मात्र खुरपणी आणि ऊसतोडणी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा कित्येकदा यंत्र घेत नाही. अशांनी हात धुऊन, पुसून दुसरे बोट लावून पाहावे. क्रमांक काढून देण्यास सरकारी पैसा काही लागत नाही. या अभियानाचा मोफत फोन १८००-११-४४७७ हा आहे, आणि आयुष्मान कार्डाविषयी १४५५५.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत आणखी एक अडचण वारंवार येते, ती नावाची. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतले दुसरे, गावातले तिसरे. मरियाबाईची आधारवर मरियम्मा होते, येशूदासचा येसुदास होतो. त्यात कानडीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येताना आडनावाचे काय होईल ते सांगता येत नाही. आधार आणि रेशन कार्ड यांवरील नाव जुळत नसेल तर योजनेचे काम ऐन आजारपणात अडते. कोणत्या कागदावर काय लिहिले आहे ते आजच एकत्र ठेवून ताडून पाहावे. मंडळीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची नोंदवही ठेवावीच लागते. आईबापांचे नाव व बाप्तिस्म्याची तारीख तीत मिळते, आणि खरे नाव व स्पेलिंग कोणते यावर घरात वाद झाल्यास तिचा आधार घेता येतो. नाव बदलण्यास आधार केंद्र जो कागद मागेल तोच लागेल, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

क्षयरोगाच्या रोग्यांविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण तेथे क्रमांकाशी पैशाचा संबंध आहे. उपचार चालू असेतो पोषणासाठी सरकार महिन्यास मदत देते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. निक्षय नोंदणी आणि बँक खाते बरोबर असल्याशिवाय ती जमा होत नाही. कार्ड हरवले तर जेथून गोळ्या मिळतात तेथेच सांगावे, त्यांच्या नोंदीत क्रमांक असतो. लाजेने गप्प बसून गोळ्या सोडू नयेत. अर्धवट सोडलेला क्षय पुढे औषधाला दाद देत नाही.

विलायतेतही हीच गत आहे. इंग्लंडात प्रत्येकास दहा आकडी आरोग्य क्रमांक असतो आणि तेथील लोकही तो हरवतात. तेथेही नियम हाच की क्रमांक ठाऊक नसला तरी उपचार मिळतो, आणि जुने पत्र, औषधाची चिठ्ठी किंवा दवाखाना यांकडून तो शोधता येतो.

क्रमांक सापडला की तो कोठे लिहावा? आमच्या मते रेशन कार्डाच्या प्लॅस्टिक पाकिटात एक जाड कागद ठेवावा. त्यावर घरातील प्रत्येकाचे नाव, आभा क्रमांक, रक्तगट आणि कोणत्या औषधाची बाधा होते ते पक्क्या शाईने लिहावे. रयत संपर्क केंद्रातून मिळालेला एफआयडी क्रमांकही त्यावरच लिहावा, तूर-सोयाबीनच्या हमीभाव खरेदीस आणि पीकविम्यास तो लागतोच. ओटीपी मात्र कोणासही सांगू नये, मग फोन करणारा स्वतःस बँकेचा म्हणवो, आरोग्य खात्याचा म्हणवो की चर्चच्या ओळखीचा. दवाखान्याच्या खिडकीत समोर उभे असताना आपण स्वतः मागविलेला ओटीपी तेवढा द्यावा, फोनवर कधीही नाही.