नकाशावर हरवलेले ओढे

मोठ्या प्रमाणावर काढलेला भूप्रदेशाचा नकाशा घरांत पसरला, कीं मुलांचें बोट प्रथम निळ्या रेषेवरून चालूं लागतें. नदी डोंगरांत उगम पावते, वाटेंतले ओढे पोटांत घेते आणि अखेर समुद्रास मिळते, हा धडा त्यांस मुखोद्गत असतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगण्याच्या नकाशावर मात्र हें बोट मध्येंच अडखळतें.

क्लेअरच्या उत्तरेस बरेन हा उघड्या चुनखडकाचा प्रदेश आहे. त्यांतील स्लीव्ह एल्व्हा हा डोंगर सुमारें ३४५ मीटर उंच असून त्याचा माथा पाणी जिरूं न देणाऱ्या शेल खडकाचा आहे. तेथून ओढे तपकिरी समोच्च रेषा ओलांडीत उतरतात. पण चुनखडक लागतांच निळी रेषा एकाएकीं तुटते. ही नकाशा काढणाराची चूक नव्हे. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कर्बवायु घेऊन किंचित् आम्ल बनतें आणि हजारों वर्षें खडकाच्या भेगा झिजवितें. त्या विवरांत ओढे लुप्त होतात. तेथील कांहीं तळींही अशींच फसवीं आहेत. 'टर्लो' या नांवाचीं हीं तळीं हिंवाळ्यांत जमिनीखालून भरतात. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें, कीं त्यांच्या तळाशीं गुरें चरतात.

आयर्लंडची सविस्तर मोजणी टॉमस कोल्बी यांच्या देखरेखीखालीं १८२४ सालीं सुरू झाली. मैलास सहा इंच या प्रमाणाचे सर्व परगण्यांचे नकाशे १८४६ पर्यंत पुरे झाले. हेतु मुख्यतः कराच्या न्याय्य आकारणीचा. म्हणून शिवांच्या हद्दी त्यांत काटेकोर उतरल्या. भूमीखालचें पाणी मात्र कोणतीच हद्द मानीत नाहीं. तें कोठें जातें हें पाहण्यासाठीं संशोधक विवरांत रंग सोडतात आणि तो कोणत्या झऱ्यांत प्रकट होतो याची वाट पाहतात.

हें केवळ कुतूहल नव्हे. मातीच्या थरांतून पाणी गाळलें जातें, तसें चुनखडकाच्या रुंद भेगांतून गाळलें जात नाहीं. एका गोठ्याची घाण विवरांत गेली, तर ती दूरच्या गांवाच्या झऱ्यांत उतरूं शकते. परगण्याचें मुख्य शहर एनिस हेंही ड्रमक्लिफच्या झऱ्यांचेंच पाणी पितें. म्हणून नकाशावर निळी रेषा जेथें संपते, तेथें पाणी संपलें असें समजूं नये. तें पुढें कोणाच्या घागरींत जाणार, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.