न भाजलेली वीट

बंगळूरची तांबडी माती बांधकामाला मोठी सोयीची. तिच्यातली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट या खनिजाची असते, त्यामुळे ती पाण्याने फारशी फुगत नाही. मराठवाड्यातल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतींना तडे देते. तिथे पाया या हलत्या थराच्या खालीच न्यावा लागतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले. तिथे विकसित झालेल्या दाबविटेला भट्टी लागत नाही. चाळलेल्या तांबड्या मातीत गरजेपुरती वाळू आणि साधारण ७ टक्के सिमेंट मिसळतात. ओलसर मिश्रणाचा मुठीत गोळा व्हावा, पण तळहाताला चिकटू नये. हातयंत्रात दाबलेल्या विटा सावलीत रचून, पाणी मारत सुमारे तीन आठवडे ओल्या ठेवतात. उन्हाच्या दिवसांत नेमकी इथेच घाई होते आणि वीट कच्ची राहते. वीट काळ्या मातीची करायची, तर तिला सिमेंटपेक्षा चुना मानवतो.

सांध्यातला माल विटेहून कडक नसावा. तडा गेलाच तर सांध्यातून जातो आणि दरजा पुन्हा भरता येतात.